क्लॅरिनेटवर सूर वाकवायचा तो जिभेने

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बँडमध्ये बी-फ्लॅट क्लॅरिनेट शिकले. सरगम, चाली, जलद तुकडे स्वच्छ वाजतात. आता त्यांना रागदारी आणि नाट्यपदे वाजवायची आहेत, पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, येत नाही. खालचा ओठ सैल केला की सूर उतरण्याऐवजी आवाज फाटतो, नाहीतर नुसती हवा जाते. खालच्या भागात तर सूर जागचा हलतच नाही. अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या सुरुवातीला क्लॅरिनेट खालून वर एका दमात घसरत जाते ते कसे करतात आणि त्यासाठी रीड (थरथरून आवाज काढणारी पातळ पाती) किंवा माउथपीस (ती बसवलेला, तोंडात धरायचा भाग) बदलावा का, हेही त्यांनी विचारले आहे.

आधी मुख्य उत्तर देतो. तुमची मेहनत ओठावर चालली आहे. क्लॅरिनेटवर सूर वाकवण्यात ओठाचा वाटा थोडा असतो. मोठे काम जिभेच्या मागच्या भागाचे आणि घशाचे आहे. दुसरे म्हणजे तुम्ही सुरुवात खालच्या सुरांपासून केली आहे, म्हणजे वाद्य जिथे सर्वांत हट्टी आहे तिथून. सुरुवात वरच्या सुरांपासून करा. एवढे दोन बदल केले तर महिन्याभरात कानाला फरक कळेल.

हे असे का, ते समजून घेतले तर रियाजाची दिशा चुकत नाही. रीडच्या एका बाजूला वाद्यातला हवेचा स्तंभ असतो आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या तोंडातली आणि घशातली हवा. दोन्हींना आपापला अनुनाद आहे. एरवी वाद्याचा अनुनाद इतका बलवान असतो की रीड त्याच्याच तालावर थरथरते आणि बोटे ठेवली तोच सूर निघतो. तोंडातला अनुनाद तितकाच जोरकस करून त्या सुराजवळ आणला, तर मात्र रीड तोंडाचेही ऐकू लागते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जेर-मिंग चेन, जॉन स्मिथ आणि जो वुल्फ या संशोधकांनी माउथपीसमध्येच मापक बसवून, कसलेले वादक वाजवत असताना त्यांच्या तोंडातला हा अनुनाद मोजला. त्यांचा निबंध 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले ते असे: दुसऱ्या रजिस्टरपासून, म्हणजे खालच्या सुरांनंतरच्या टप्प्यापासून, वर सूर वाकवताना वादक तोंडातला अनुनाद वाद्याच्या अनुनादाच्या तोडीचा करतात आणि मग सुराची उंची त्यावर ठरू लागते. खालच्या रजिस्टरमध्ये वाद्याची पकड फार घट्ट असते आणि तोंडातला अनुनाद एवढ्या खाली नेऊन तितका जोरकस करता येत नाही. म्हणून तिथे तुमचा सूर हलत नाही. त्यात तुमचा दोष नाही.

याच निबंधातली आणखी एक गोष्ट प्रत्येक वादकाला अनुभवाने माहीत असते. सूर खाली उतरवणे सोपे आहे, वर चढवणे जवळजवळ अशक्य. खाली तीन-चार पट्ट्या (एक पट्टी म्हणजे पेटीवरच्या लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमधले, अर्ध्या स्वराचे अंतर) जाता येते, वर मात्र पाव पट्टी गेलात तरी खूप. दाताने रीड दाबून सूर वर ढकलण्याचा प्रयत्न बरेच जण करतात. त्याने सूर बारीक आणि कर्कश होतो, खालच्या ओठाला जखम होते आणि हाती काही लागत नाही. तो मार्ग सोडून द्या.

इथेच मींडेचा सगळा विचार उलटा करावा लागतो. सतारीवर खालच्या सुराच्या पडद्यावर बोट ठेवून तार ओढतात आणि सूर वर नेतात, म्हणजे पडद्याचा सूर हा मींडेचा तळ असतो. क्लॅरिनेटवर बोटांनी धरलेला सूर हा मींडेचा माथा असतो. मध्यमावरून पंचमावर जाणारी मींड घ्यायची असेल, तर मींडेच्या वेळी बोटे पंचमाचीच हवीत आणि जिभेने सूर मध्यमापर्यंत उतरवलेला हवा. मग जीभ सावकाश पूर्वपदावर आणत गेलात की सूर आपल्या घरी, पंचमावर, चढत जातो. बँडमधून आलेल्या वादकांना हे सुरुवातीला विचित्र वाटते, कारण त्यांच्या बोटांना सूर ‘गाठायची’ सवय असते. पण एकदा ही उलटी दिशा डोक्यात बसली की मींडेतला निम्मा गोंधळ संपतो.

आता तयारी. वाद्य बाजूला ठेवा आणि शिट्टी वाजवा. उंच सुरापासून खालच्या सुरापर्यंत शिट्टी अखंड घसरवत न्या. ओठ जवळपास तसेच राहतात, हलते ती जीभ: उंच सुराला ती टाळूजवळ पुढे असते, सूर उतरतो तशी मागे आणि खाली जाते. क्लॅरिनेटवर करायची हालचाल हीच आहे. स्वरांच्या भाषेत सांगायचे तर तोंड आतून ‘ई’कडून ‘ऊ’कडे आणि तिथून ‘ऑ’कडे जाते. बाहेरून बघणाऱ्याला तुमच्या चेहऱ्यावर फारसे काही दिसू नये. आरशासमोर करून बघा.

मग नुसता माउथपीस घ्या. बहुतेक माउथपीसवर नेहमीच्या पकडीने पेटीवरच्या पांढरी एकच्या आसपासचा उंच सूर येतो. माउथपीसला नळी नाही, म्हणजे सूर जखडून ठेवणारे काही नाही, त्यामुळे तो लोण्यासारखा वाकतो. ‘ई’ ते ‘ऑ’ करत तो सूर चार-पाच पट्ट्या खाली आणा आणि परत वर न्या. आवाज चांगला नसेलच, त्याची पर्वा करू नका. इथे लक्ष एकाच गोष्टीकडे: ओठांचे कोपरे हलता कामा नयेत आणि फुंक कमी होता कामा नये. हे जमले की बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, जोडा. आता साधारण काळी तीन ऐकू येईल आणि सूर थोडा अधिक अडून बसेल. तिथेही एक-दोन पट्ट्या उतरायला शिका. या पायऱ्या टाळून थेट पूर्ण वाद्यावर जाणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले. ते ओठ सैल करायची सवय लावून घेतात आणि ती मोडायला नंतर फार वेळ जातो.

पूर्ण वाद्यावर पहिला सूर घ्या तो वरचा सी, म्हणजे अंगठा आणि रजिस्टर की (अंगठ्याजवळची, वरच्या टप्प्यात नेणारी की), पुढची सहाही भोके उघडी. या पुढे मी जे सूर सांगेन ते क्लॅरिनेटच्या नोटेशनमधले. सी भरपूर दमाने लांब धरा. डाव्या हाताची तर्जनी ठेवून बी वाजवा आणि तो कानात साठवा. तर्जनी उचला, परत सी. आता तर्जनी न ठेवता फक्त जिभेने तो बी मिळवा. मिळाला की तिथे थांबा, दोन-तीन श्वासांइतका नव्हे, पण कानाला खात्री पटेल इतका. मग सावकाश परत सीवर या. पुढचे लक्ष्य बी-फ्लॅट, मग ए. सीवरून निघून एपर्यंत पोचता आले की तुमच्याकडे तीन पट्ट्यांची मींड आली. त्यानंतर हाच खेळ बीवर, एवर, जीवर करत खाली या. जितके खाली याल तितकी हद्द आक्रसत जाईल. डीच्या आसपास एक पट्टी मिळाली तरी समाधान माना.

उतरण्यापेक्षा परतीची वाट कठीण आहे आणि रियाजाचा मोठा भाग तिच्यावरच घालवायला हवा. नवा वादक सूर उतरवतो, पण वर येताना तो झटक्यात सुटतो आणि मींडेऐवजी नुसता खटका ऐकू येतो. त्यासाठी तानपुरा लावा. यंत्र असो वा मोबाइलवरचा, चालेल. ट्यूनरच्या काट्याकडे बघू नका. काटा सूर बरोबर आहे की नाही एवढेच सांगतो, वाटेतला प्रवास कसा झाला हे सांगत नाही. षड्ज-पंचमाच्या नादात कान तुम्हाला नेमके सांगेल की वाटेत कुठे घाई झाली. वाजवण्याआधी ती मींड गाऊन घ्या. गळ्यातून जी मींड निघत नाही ती जीभ काढू शकत नाही, असे मला दर वेळी दिसले आहे. आणि गाताना जीभ आपोआप बरीचशी योग्य जागी जाते, हा त्यातला फायदा.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. आवाज फाटतो त्याचे कारण बहुधा असे की जिभेबरोबर फुंकही ढिली पडते. मेंदूला ‘खाली’ म्हणजे ‘हळू’ वाटते. उलट सूर उतरताना पोटातून थोडा जास्त दम द्यायचा असतो, कारण तोंडातली पोकळी मोठी झालेली असते. नुसती हवा जात असेल तर ओठांचे कोपरे सुटले आहेत. जबडा किंचित खाली जातो, तेवढे चालते. पण माउथपीसभोवतीची पकड सर्व बाजूंनी तशीच हवी. सूर उतरता उतरता एकदम खालच्या रजिस्टरमध्ये कोसळत असेल, तर जीभ एका दमात फार मागे गेली. चिरकत असेल, तर दात आवळले आहेत. रोज दहा-पंधरा मिनिटेच करा, कारण जिभेचे मूळ लवकर थकते, आणि थकल्यावर शरीर दाताची मदत घेऊ लागते.

हे बसले की मग खरी मींड येते, आणि तिच्यात एक खुबी आहे. पंचमावरून मध्यमावर उतरून मध्यमावरच स्थिरावायचे आहे असे समजा. पंचमाची बोटे ठेवून जिभेने सूर मध्यमापर्यंत आणला, पण तिथे वाकवलेल्या सुरावर फार काळ राहता येत नाही. त्याचा रंग फिका असतो. म्हणून सूर मध्यमावर पोचला त्या क्षणी बोटे मध्यमाची करायची आणि त्याच क्षणी जीभ पूर्वपदावर आणायची. सूर तोच राहतो, फक्त त्याचा आधार बदलतो. चढत्या मींडेत याच्या उलट: मध्यम नेहमीसारखा वाजत असताना बोटे पंचमाची करा आणि तत्क्षणी जीभ खाली टाका, म्हणजे सूर उडी न मारता मध्यमावरच राहील. मग तो हळूहळू वर सोडा. हा बोट आणि जिभेचा अदलाबदल ऐकणाऱ्याला कळता कामा नये. अवघड आहे. पण क्लॅरिनेटवर गायकी अंग वाजवणाऱ्याला याशिवाय गत्यंतर नाही, आणि मला स्वतःला या वाद्याच्या रियाजात याहून आनंद देणारे दुसरे काही सापडलेले नाही.

खालच्या रजिस्टरमध्ये काम बोटांचे. बोट उचलायचे नाही. ते भोकावरून हळूहळू बाजूला सरकवत किंवा तळहाताकडे ओढत भोक उघडत न्यायचे. इथे बोहम पद्धतीच्या क्लॅरिनेटची एक अडचण आहे. काही भोकांभोवती रिंग असते आणि ती दुसऱ्या पॅडला जोडलेली असते. बोट सरकले की रिंग वर येते, दुसरे पॅड उघडते आणि सूर उडी मारतो. म्हणून बोटाच्या मांसल भागाने रिंग दाबून धरायची आणि टोकाकडून भोक उघडायचे. पूर्ण झाकणीची क्लॅरिनेटे, म्हणजे ज्यांत भोकांवर पॅड असतात, या कामाची नाहीत. जी, ए, बी-फ्लॅट हे मधले सूर मुळात अशक्त असतात. त्यांना ओठाने थोडे हलवता येते आणि खालची भोके अर्धवट झाकून थोडे उतरवता येते, पण त्यांच्यावर मोठी मींड बांधू नका. आणि बी-फ्लॅट ते बी हा ब्रेक, म्हणजे खालचे रजिस्टर संपून वरचे सुरू होते तो सांधा, ओलांडणारी मींड शक्यतो योजूच नका.

त्यावरून पट्टीचा, म्हणजे षड्ज कोणत्या सुरावर धरायचा याचा, मुद्दा येतो, ज्याचा विचार बँडमधून आलेले वादक सहसा करत नाहीत. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी म्हणजे पेटीवरची काळी पाच. मधल्या सीला षड्ज केला तर ब्रेक षड्जाच्या लगत खाली, कोमल आणि शुद्ध निषादाच्या मध्ये येतो. म्हणजे कोमल निषादावरून षड्जावर येणारी मींड सतत अडखळणार. काळी एकला गाणाऱ्याच्या साथीला बसलात तर षड्ज ई-फ्लॅटवर येतो. मग ब्रेक मंद्र पंचम-धैवताच्या मध्ये सरकतो आणि मध्य सप्तकाचा मध्यमापासून वरचा भाग वाद्याच्या सर्वांत लवचीक जागेत पडतो. एकट्याने वाजवायचे असेल तर राग बघून षड्ज निवडा. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार शिकायला षड्ज वरच्या एफवर, म्हणजे काळी दोनला घ्या. गंधार ए-फ्लॅटवर येतो आणि तिथून ऋषभाच्या दिशेने संथ झुलणे जिभेला पेलते. जिभेचा पहिला राग म्हणून मी दरबारीच सुचवेन. त्यात घाईला जागाच नाही.

आता गर्श्विन. 12 फेब्रुवारी 1924 रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाने ही रचना पहिल्यांदा सादर केली. गर्श्विनने सुरुवातीला खालच्या जीवर ट्रिल (लगतच्या दोन सुरांची जलद अदलाबदल) आणि तिथून वर धावणारी सतरा सुरांची सरळ सरगम लिहिली होती. व्हाइटमनचा क्लॅरिनेटवादक रॉस गोरमन याने तालमीत गंमत म्हणून तिचा वरचा भाग घसरवत वाजवला. गर्श्विनला तो इतका आवडला की त्याने तसाच ठेवायला सांगितला. ही घसीट एका युक्तीने होत नाही. ट्रिलपासून ब्रेकच्या वरपर्यंत बहुतेक वादक सूर जलद बोटांनीच घेतात. खरी घसीट डीपासून सुरू होते, जिथे पुढची सहाही भोके बंद असतात, आणि वरच्या सीवर संपते, जिथे सहाही उघडी असतात. उजव्या हाताच्या अनामिकेपासून डाव्या तर्जनीपर्यंत एकेक बोट भोकावरून सरकवत काढत जायचे. नुसते एवढे केले तर पायऱ्या ऐकू येतात. म्हणून त्याच वेळी जीभ खाली ठेवून सूर बोटांच्या मागे रेंगाळत ठेवायचा. बोटे पुढे निघून जातात, सूर मागून येतो. शेवटी सगळी भोके उघडी असतात, सूर अजून खाली असतो, आणि मग जीभ सावकाश सोडत त्याला सीपर्यंत पोचू द्यायचे. सिडनीच्या मोजणीतही हाच बोट-जिभेचा मेळ दिसला. वर सांगितलेला सी ते एचा रियाज ज्याचा पक्का आहे, त्याला या घसरणीचा शेवट आधीच येत असतो. शिकताना शेवटच्या तीन पट्ट्यांपासून सुरू करा आणि एकेक बोट मागे जोडत जा.

रियाजाइतकेच ऐका. कर्नाटक संगीतात ए. के. सी. नटराजन यांनी क्लॅरिनेटला गमकांची भाषा बोलायला लावली. 2008 साली त्यांना मद्रास म्युझिक अकॅडमीचा संगीत कलानिधी हा मान मिळाला. हिंदुस्थानी पद्धतीत रायचूरचे पं. नरसिंहलू वडवाटी ऐका. पूर्व युरोपीय यहुदी परंपरेतले नफ्तुले ब्रांडवाइन आणि डेव्ह टॅरस सूर असा मोडतात की हुंदका आल्यासारखे वाटते. त्यांच्या छोट्या, झटक्यात उतरणाऱ्या वाकणुका आपल्या मुरकीच्या जवळच्या आहेत. लुई आर्मस्ट्राँगबरोबर हॉट फाइव्हमध्ये वाजवणाऱ्या जॉनी डॉड्सचे ब्लूज ऐका. तुर्कस्तानात लांब, खालच्या पट्टीचे जी क्लॅरिनेट वापरतात, तिथले मुस्तफा कांदीराली ऐकलेत तर हे वाद्य आपल्या आलापीच्या किती जवळ जाऊ शकते ते कळेल. ऐकताना प्रत्येक मींडेचा माथा कोणता, हे शोधायची सवय लावा.

राहिला रीड आणि माउथपीसचा प्रश्न. मऊ रीड लवकर वाकते हे खरे. तीन नंबर वापरत असाल तर काही दिवस अडीच लावून बघा. पण दोनच्या खाली जाऊ नका. वरचे सूर मुळातच उतरायला लागतात, मग वाकवलेला सूर कोणता आणि बेसूर कोणता हे कानाला कळेनासे होते. माउथपीसचे तोंड जरा उघडे असेल तर जिभेला जास्त वाव मिळतो. उदाहरणार्थ व्हॅन्डोरेन कंपनीच्या 5आरव्ही माउथपीसचे टोक 1.065 मिलिमीटर उघडे आहे आणि बी45चे 1.195. वाकवण्याच्या कामाला दुसरा सोयीचा पडतो, मात्र त्याला दमही जास्त लागतो. तरी माझा सल्ला असा की आत्ता काही विकत घेऊ नका. सध्याच्या माउथपीसवर सीवरून बी-फ्लॅट स्वच्छ उतरून परत येईपर्यंत थांबा. तोवर तुम्हाला अडवते आहे ते सामान की सवय, हे दुकानदारच काय, तुम्हालाही सांगता येणार नाही. पावसाळ्यात नैसर्गिक रीडचा पातळ भाग लहरी होतो, तेव्हा रियाजासाठी एक कृत्रिम रीड जवळ ठेवायला हरकत नाही. ती रोज सारखीच वागते, त्यामुळे आज सूर उतरला नाही तर दोष जिभेकडे शोधता येतो.